समुद्र न पाहिलेले शिंपलेसर

आमच्या बायोलॉजीच्या सरांनी जन्मात कधी समुद्र पाहिला नाही. तरी चंद्रपूरकडच्या आमच्या मूलमध्ये निम्मं गाव त्यांना शिंपलेसर म्हणायचं आणि उरलेलं निम्मं पागल म्हणायचं. मी दोन्हीकडची. अकरावीत मी त्यांना पागल म्हणायचे, बारावीत शिंपलेसर म्हणायला लागले, आणि बारावीच्या प्रॅक्टिकलला असा काही पराक्रम केला की पुढच्या वर्षापासून त्यांचा थिअरीचा तास गेला तो गेलाच. मग त्यांच्या वाट्याला उरलं फक्त प्रॅक्टिकल, म्हणजे बेडूक आणि झुरळं. हे माझ्यामुळे झालं. पंचावन्न ओलांडलेली, स्वतःचा दवाखाना चालवणारी बाई हे सांगतेय तर कोणी माझी समजूत घालायला येऊ नये. समजूत घालणारे भरपूर भेटले.

सर मूळचे सिरोंच्याकडचे. घरी तेलुगू, बाहेर झाडीबोली, आणि पुस्तक इंग्रजी. एका वाक्यात तिन्ही नांदायच्या. मायक्रोस्कोपखाली काही चांगलं दिसलं की "चूडू, चूडू!" म्हणजे तेलुगूत बघ, बघ, असं ओरडायचे, आणि मायक्रोस्कोप सोडायचेच नाहीत, मग आम्ही काय चूडू करणार कपाळ! मुलींना "बाई" आणि मुलांना "भाऊ" म्हणायचे. सोळा वर्षांच्या पोरीला पन्नाशीचा माणूस बाई म्हणतो, याचं सुरुवातीला हसू यायचं. नंतर इतकी सवय झाली की घरी कोणी "ए पोरी" म्हटलं की राग यायचा.

त्यांना कोणी विचारलं, "सर, एकदा जाऊन समुद्र पाहून काऊन येत नाई?" तर म्हणायचे, "गोदावरी माह्या गावच्या घरासमोरून रोज समुद्राले जाते. मी कायले जाऊ? अन् काठावर उभा राहून पाहू तरी का? पानी? माहे शिंपले अडीच किलोमीटर खाली बसून हायेत. ते काठावरून बी दिसत नाई अन् मूलवरून बी दिसत नाई. मंग मूल का वाईट?"

हे शिंपल्याचं खूळ आलं कुठून, तर पोस्टातून. त्यांचा कॉलेजातला एक मित्र समुद्राच्या कामावर कुठंतरी किनाऱ्याला होता. तो जुनी झालेली परदेशी मासिकं बुकपोस्टानं पाठवायचा. ती यायची ती कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षानं, कोपरे भिजलेली. त्यातल्या एकात समुद्राच्या तळाचा फोटो होता. मिट्ट काळोख, बॅटरीचा उजेड, आणि खडकाला चिकटलेले शिंपलेच शिंपले, एकावर एक, बाजारात वांगी ओतावी तसे. तिथं जमिनीला भेगा आहेत, त्यातून गरम पाणी येतं, आणि त्या पाण्यात सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असतो. ऊन नाही, शेवाळ नाही, खायला काही नाही. तरी हे शिंपले गलेलठ्ठ. सर वर्षभर म्हणे एकच विचार करत होते, हे खातात काय?

उत्तर दुसऱ्या मासिकात आलं. शिंपल्याच्या कल्ल्यांमध्ये जीवाणू राहतात, लाखोंनी. शिंपला कल्ल्यातून पाणी आत घेतो, त्यातून तो विषारी वायू आणि प्राणवायू जीवाणूंना मिळतो, आणि त्या विषापासूनच जीवाणू अन्न तयार करतात. शिंपल्याचं पोट त्यांच्यावर चालतं. सर हे शिकवताना डोळे मिटून घ्यायचे. "शिंपल्याले स्वयंपाक येत नाई, पोट्टेहो. तो का करते? आपल्या घरात खोली देते. सामान आनून देते. स्वयंपाक भाडेकरू करते. दोघं जेवते. भांडन नाई, तंटा नाई. अन् तुमी सख्खे भाऊ वावराच्या धुऱ्यासाठी डोकी फोडता."

हे सगळं अभ्यासक्रमात होतं का? अजिबात नाही. अभ्यासक्रमात बेडकाची पचनसंस्था होती, ती आमची फेब्रुवारी आला तरी व्हायची होती. बेडूक तोंड उघडून बसलेला, आणि सर समुद्राच्या तळाशी.

एक दिवस सरांनी ठरवलं की पोरांना त्या शिंपल्यांच्या स्वयंपाकघराचा वास कळला पाहिजे. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काचेचं एक उंच भांडं असतं, त्यात ॲसिड सोडलं की तोच सडक्या अंड्याचा वायू निघतो. सरांनी आम्हाला रांगेत उभं केलं. "एकेकानं या, लांबून वास घ्या, अन् पळा." आज कोणी शिक्षकानं असं केलं तर मी स्वतः पोलिसात जाईन, विष आहे ते. आम्ही मात्र नाकाला ओढण्या-रुमाल लावून, खिदळत, वास घेऊन पळालो. सर शेवटी उभे राहिले आणि आईनं फोडणी दिल्यावर आपण कसा श्वास घेतो तसा त्यांनी घेतला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी. "हा वास आपल्याले मरनाचा," म्हणाले, "अन् त्याईले जेवनाचा."

वास वरच्या मजल्यावर गेला. प्राचार्य धोतर सावरत खाली आले. "कोन मेलं? उंदीर मेला का?" कारण कळल्यावर त्यांनी सरांना लेखी माफी मागायला सांगितली. सरांनी दिली लिहून. मजकूर सगळ्या कॉलेजला पाठ झाला होता: "वासाबद्दल दिलगीर आहे. शिंपल्यांबद्दल नाही." प्राचार्यांनी तीनदा कागद परत पाठवला, तीनदा तेच वाक्य आलं. शेवटी प्राचार्यच थकले.

पण हेकट म्हणावं तर तसेही नव्हते. एकदा मी वर्गात उभी राहून विचारलं, "सर, त्या जीवाणूंना प्राणवायू लागतो म्हणता. तो खाली अंधारात कुठून येतो?" सर फळ्याजवळ थांबले. खडू खाली ठेवला आणि तास संपायच्या आधीच निघून गेले. मला वाटलं, झालं, आता माझ्या मार्कांचं काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी आले ते सरळ माझ्या बाकापाशी. "बाई, रातभर झोप नाई. तुमचं बरोबर हाये. प्रानवायू वरूनच येते, झाडं अन् शेवाळ करते तो. म्हंजे माह्या शिंपल्याचं जेवन सूर्याचं नाई, पन श्वास सूर्याचाच. मी अर्धवट शिकवलं." आणि सगळ्या वर्गाला वहीत दुरुस्ती करायला लावली. शिक्षक चुकलो म्हणतो आणि वर तोंडभर हसतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

माझ्याबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे बाबा राइस मिलमध्ये पोती वाहायचे. आमच्या मोहल्ल्यातून सायन्सला गेलेली मी पहिली मुलगी. घरात जागा नव्हती म्हणून मी बुद्ध विहाराच्या ओट्यावर बसून अभ्यास करायची, आणि मोठी माणसं येता-जाता पोरांना दटावायची, "हल्लागुल्ला नका करू बे, डाक्टरीन शिकून राह्यली." दहावी पास झाल्यापासूनच मी डाक्टरीन. तेव्हा मेडिकलला नंबर लागायचा तो बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या मार्कांवर. एका मार्कानं माणसं घरी बसायची. घरी बसणं म्हणजे माझ्यासाठी लग्न, मुलगा पाहूनसुद्धा ठेवला होता. बाबा सरांबद्दल एवढंच विचारायचे, "मास्तर पागल हाये म्हनते लोकं. मार्क देते ना पन?"

सरांना राग आलेला मी एकदाच पाहिला. वर्गातला एक हुशार मुलगा तिमाहीत पहिला आला आणि म्हणाला, "मी कोणाच्या मदतीशिवाय, एकट्यानं केलं." सर ताडकन उठले. "एकट्यानं? भाऊ, तुह्या पोटात जंतू हायेत, ते काढून ठेव टेबलावर. अन् मंग चार दिवस जगून दाखव एकट्यानं." एकटं काहीच नसतं, हा त्यांचा धर्म होता. ते एकटे जेवतही नसत. खोलीवर विधवा बहीण होती, तिला ते अक्का म्हणायचे. अक्कानं ताट वाढलं की सर दारात जाऊन उभे राहायचे आणि रस्त्यानं जो जाईल त्याला आत ओढायचे. पोस्टमन, भंगारवाला, मी. अक्का कपाळाला हात लावायची, "याले कोनी समुद्रात नेऊन सोडा रे बाप्पा!" आणि तिसरं ताट घ्यायची.

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, लाखोळीचं कडधान्य उभं होतं. सर आम्हाला तिथं घेऊन गेले आणि कोणाला न विचारता चार रोपं मुळासकट उपटली. मुळांना बारीक गाठी असतात, त्यात जीवाणू असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतात. "समुद्र कायले पाहिजे? हे पाहा, इथी बी भाडेकरू!" एवढ्यात बांधीची मालकीण विळा घेऊन आली. "काऊन उपटून राह्यले वो? तुमच्या बापाची हाये का लाखोळी?"

"बाई, रागावू नका. ह्या गाठी पाहा."

"पाह्यल्या. जलम गेला पाहून. लाखोळी काढली का मंग धान जोरात येते, हे आमच्या बुढीले बी मालूम होतं. तुमाले मास्तर होऊन आता समजलं का?"

आम्ही तोंड दाबून हसलो. सरांनी मात्र हात जोडले. खरंच जोडले. आणि आमच्याकडे वळून ओरडले, "हसता का? वह्या काढा. बाई का म्हनते ते लिवून घ्या!" ती बाई इतकी गडबडली की विळा मागे लपवला, आणि निघताना लाखोळीची कोवळी भाजी खुडून मुलींच्या ओढणीत घातली. ते वाक्य माझ्या वहीत होतं, खाली सरांची सही होती, आणि सहीखाली त्यांनी लिहिलं होतं, "बरोबर."

आता प्रॅक्टिकल.

परीक्षा घ्यायला बाहेरगावचे परीक्षक येणार होते. आदल्या दिवशी सरांनी सगळ्यांना बजावलं, "उद्या तोंडी परीक्षेले अन्न कुठून येते म्हनून विचारलं तर सूर्य म्हना अन् मोकळे व्हा. शिंपल्याचं नाव काढू नका. शिंपले घरचे हायेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली. पण मनात मला ते लागलं. ज्या माणसानं प्राचार्यांना तीनदा तेच वाक्य लिहून दिलं, तो असं भ्यायला शिकवतो? मला वाटलं, सर आपली परीक्षा पाहताहेत. सतरा वर्षांच्या डोक्यात काय काय येतं! मी ठरवूनच गेले होते.

झुरळ नीट कापलं, स्लाइड ओळखल्या, जर्नल पूर्ण होतं. तोंडीला टेबलापलीकडे परीक्षक, सफारी घातलेले, शांत आवाजाचे, आणि शेजारी सर. माझ्या आधीचे सगळे सूर्य म्हणून मोकळे झाले होते.

"अन्नसाखळी कुठून सुरू होते?" परीक्षकांनी विचारलं.

"हिरव्या वनस्पतींपासून."

"छान. म्हणजे सगळ्या सजीवांचं अन्न शेवटी कोणामुळे?" पेन कागदावर टेकलंच होतं. एक शब्द, झालं असतं काम.

"सगळ्यांचं नाही सर," मी म्हटलं.

सर खोकले. मला वाटलं, शाबासकीचा खोकला आहे. मग काय, मी सुटले. समुद्राचा तळ, भेगा, विषारी वायू, कल्ल्यातले जीवाणू, सगळं सांगितलं. प्राणवायू सूर्याचा पण अन्न सूर्याचं नाही, हेही सांगितलं, कारण ते माझं स्वतःचं होतं. परीक्षकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पेनाला टोपण लावलं.

"हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. पुस्तक चुकलंय," मी म्हटलं. "आमच्या सरांनी शिकवलं." आणि अभिमानानं सरांकडे बोट दाखवलं. ते बोट आजही मला कधीकधी दिसतं, आणि तोडून टाकावंसं वाटतं.

परीक्षक वाईट माणूस नव्हता, हे मला आता कळतं. ते सरांना म्हणाले, "हे पाहा, पुस्तकाबाहेरच्या उत्तराला मला गुण देता येत नाहीत, आणि ही तर पुस्तकच चूक म्हणतेय. तिनं हे मनानं रचलं असेल तर तोंडीचे शून्य. तुम्ही चुकीचं शिकवलं असेल तर तिचा दोष नाही, मी दुसरे प्रश्न विचारतो आणि गुण देतो. पण तसं मला लेखी लागेल. आणि वाद घालायचा असेल तर माझी ना नाही. प्रकरण वर पाठवतो. तोवर हिचा निकाल राखून ठेवावा लागेल. चार-सहा महिने जातील."

चार-सहा महिने म्हणजे मेडिकलच्या याद्या लागून, कॉलेजं सुरू होऊन गेली असती. हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं.

सरांच्या पाठीमागेच कपाट होतं. कपाटात ते मासिक. किल्ली सरांच्या खिशात. मी वाट पाहत होते की आता उठतील, आता मासिक काढून टेबलावर आपटतील, आता या सफारीवाल्याला चूडू म्हणतील. मला माझ्या मार्कांची फिकीर नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्याहून जास्त मला सरांना जिंकलेलं पाहायचं होतं.

सरांनी कोरा कागद मागितला. मोत्यासारखं अक्षर होतं त्यांचं, आणि टेबलाच्या अलीकडून मला उलटं वाचता येत होतं. "मी वर्गात अभ्यासक्रमाबाहेरचे व चुकीचे शिकवले. विद्यार्थिनीचा यात काही दोष नाही." खाली सही, तारीख. घाई नाही, खाडाखोड नाही. कागद सरकवला आणि परीक्षकांना म्हणाले, "पोरगी हुशार हाये साहेब. विचारा तिले अजून."

परीक्षकांनी बेडकाच्या हृदयाला कप्पे किती ते विचारलं. तीन, मी म्हटलं. आणखी चार प्रश्न विचारले, चारही आले. मी त्या कागदाकडे पाहत उत्तरं देत होते आणि ते प्रत्येक उत्तराला मार्क देत होते. तो कागद पुढे प्राचार्यांच्या हाती गेला, आणि तीनदा हरलेल्या माणसानं त्याचं काय केलं असेल ते सांगायला नको.

बाहेर येऊन मी बोअरिंगच्या हातपंपापाशी उभी होते. दुःखानं नाही, संतापानं रडत होते. सर आले. मी त्यांना नमस्कारही केला नाही.

"तुमी खोटं लिवलं," मी म्हटलं. कॉलेजात मी शुद्ध बोलायची, पण तेव्हा घरचंच तोंडात आलं.

"हो."

"काऊन?"

सर त्या बाबतीत गंभीर वगैरे काही झाले नाहीत. हिशोब चुकलेल्या पोराला समजवावं तसं म्हणाले, "बाई, मी लिवून देल्लं म्हनून खालचे शिंपले का उपाशी मरनार हायेत? ते आत्ता बी जेवून राह्यले असतीन. त्याईले माह्या सहीची गरज नाई. तुमाले होती."

"पन मी खरं बोलली होती!"

"बोलली ना? मंग? तुमी खरं बोलल्या, मी सही केली. दोघाईचं झालं." आणि त्यांनी बोअरिंगचा दांडा धरला, दोन-तीनदा रिकामा खडखडवला, पाणी वर आलं तसे म्हणाले, "धुवा तोंड. उद्या फिजिक्स हाये."